गळ्यातून खणात

मित्रांनो, मी एक जुना पेनड्राइव्ह आहे. किती जुना, ते माझ्याकडे नुसतं पाहिलंत तरी कळेल. टोपण कधीच हरवलंय, लाल रंग कडेकडेनं उडालाय आणि मान डावीकडे जराशी वाकलीय. माझ्या पोटात हल्लीचा एक सिनेमासुद्धा धड मावणार नाही. तरी हसू नका. एके काळी एका अख्ख्या ऑफिसचा कारभार माझ्या जिवावर चालत होता. आणि एक गोष्ट आधीच कबूल करतो, माझा स्वभाव फार जळका आहे. त्यामुळं ही गोष्ट माझ्या कर्तबगारीची कमी आणि माझ्या पोटदुखीची जास्त आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथं मी एकटा नव्हतो, माझ्यासारखे हजारो एका पट्ट्यावरून सरकत होते. नखाएवढी एक चकती आमच्या पोटात बसवली, वर प्लास्टिकचं कवच चढवलं, की झाला पेनड्राइव्ह. मग एका दुकानात स्टेपलरच्या खाली आणि डिंकाच्या बाटलीच्या वर मी कित्येक दिवस टांगलेला होतो. एके दिवशी एक बाई आल्या. त्यांनी काळा नको, निळा नको, लालच द्या म्हणून मला मागून घेतलं. पसाऱ्यात पटकन सापडावा म्हणून लाल, एवढंच कारण होतं. मला मात्र वाटलं, माझं रूप पाहून घेतलं.

बाईंचं ऑफिस बुटांचं होतं. पण दुकानाच्या काचेत मांडलेले असतात तसले बूट नव्हेत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच आत वळलेली, कुणाची बोटं अपघातात गेलेली, अशा माणसांच्या पायांची मापं घेऊन तिथं फक्त त्यांच्यापुरते बूट बनत. पुढच्या खोलीत बाई मापं घेत आणि कॉम्प्युटरवर उतरवत. मधल्या खोलीत एक उंच, सतत वाकून बसणारा माणूस त्या मापांवरून बुटाचा आराखडा काढी. त्याला सगळे लंबू म्हणत, आणि तोही ओ देई. मागच्या कारखान्यात आप्पा होते. ते आराखडा बघून चामडं कापत, साचा घासत आणि बूट उभा करत. या सगळ्यांचे साहेब वरच्या मजल्यावर बसत.

तिघांकडे तीन कॉम्प्युटर होते. पण एकाच घरात राहून एकमेकींशी न बोलणाऱ्या जावा असतात ना, तसे. याचं त्याला कळत नसे. मग निरोप्या कोण? मी!

आप्पांनी बुटाची एक उरलेली निळी नाडी दिली आणि बाईंनी मला तीत ओवून गळ्यात घातलं. पायाचं माप झालं, टाइप झालं, की मी बाईंच्या कॉम्प्युटरमधून सगळं पोटात घ्यायचो. बावीस पावलं चाललं की लंबूची खोली. तिथं मला खोचायचं, मापं द्यायची, आराखडा घ्यायचा. पुढं एकतीस पावलांवर आप्पा. जाताना बाई नुसतं मला पोचवत नसत. त्या आप्पांना सांगत, त्या टपालवाल्याचा डावा अंगठा जपा हो, सांगत नाही तो पण दुखतो त्याला. हे माझ्या पोटात नसे, बाईंच्या तोंडी असे. आप्पा मान डोलवत आणि अंगठ्यापाशी जरा मऊ चामडं लावत.

अशी सात वर्षं गेली. किती पाय माझ्या पोटातून गेले म्हणून सांगू! त्यातला एक पाय मात्र मी विसरू शकत नाही. एक मुलगी तीन वर्षांची असताना वडिलांच्या कडेवरून आली. तिचा उजवा पाय डाव्यापेक्षा लहान होता. दर सहा महिन्यांनी ती माप द्यायला यायची, आणि नवे बूट मिळाले की त्या लांब व्हरांड्यात धावून दाखवायची. एकदा तिनं मला बाईंच्या गळ्यातून काढून स्वतःच्या गळ्यात घातलं आणि माझं नाव ठेवलं, लाल किडा. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या असत्या. तिचं मी मनावर घेतलं नाही.

आता माझी बदनामी कशी झाली तेही ऐका, लपवत नाही. एकदा लंबू मला उसना घेऊन गेला आणि फोटो छापणाऱ्या दुकानात कुठल्याशा कॉम्प्युटरला लावून आला. तिथून मी रोग घेऊन आलो. तिन्ही कॉम्प्युटर दोन दिवस आजारी पडले. पुढं एकदा एका मास्तरांचं माप बदललं, ते बाईंनी आपल्या कॉम्प्युटरमध्ये दुरुस्त केलं, पण मला घेऊन मागं जायचं राहून गेलं. आप्पांनी जुन्या मापावर बूट शिवला आणि मास्तर पायाला फोड घेऊन परत आले. चूक माझी होती का? पण खापर माझ्याच डोक्यावर फुटलं. साहेब म्हणाले, हा गळ्यातला कारभार आता पुरे.

आणि मग तो आला.

त्याच्याबद्दल बोलताना आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. आधी एक वायरवाला शिडी घेऊन आला. त्यानं भिंतीच्या कडेकडेनं वायरी ठोकल्या आणि हिरवे दिवे लुकलुकणारा एक डबा बसवला. तिन्ही कॉम्प्युटर त्या डब्याला जोडले. मग लंबूच्या कॉम्प्युटरमध्ये त्यानं एक फोल्डर बनवला आणि त्याचं नाव ठेवलं 'सगळ्यांचं'. तोच फोल्डर आप्पांच्या पडद्यावरही दिसू लागला. बाईंच्या कॉम्प्युटरनं मात्र दोन दिवस दाद दिली नाही. उघडायला गेलं की पासवर्ड विचारी, आणि दिला तरी पुन्हा विचारी. ते दोन दिवस बाई मलाच घेऊन हिंडल्या. मी मनात म्हटलं, शाब्बास रे गड्या, असाच अडून राहा! पण तिसऱ्या दिवशी लंबूनं शोधून काढलं की बाईंचा कॉम्प्युटर वेगळ्याच गटात नोंदलेला आहे. गट बदलला, आणि तोही त्या टोळीला जाऊन मिळाला.

वायरवाल्यानं सगळ्यांना उभं करून हे कसं चालतं ते समजावून सांगितलं. पण नेमके तेव्हाच पुढं कुणी आजोबा माप द्यायला आले आणि बाई उठून गेल्या. मी गळ्यातच, त्यामुळं मीही गेलो. तो काय म्हणाला ते ना बाईंनी ऐकलं, ना मी. आम्ही परत आल्यावर माझ्या पोटातली सगळी मापं आमच्यादेखत त्या फोल्डरमध्ये उतरवली. दोन-दोन प्रतींचा घोळ नको म्हणून लंबूनं तिन्ही कॉम्प्युटरमधल्या जुन्या प्रती पुसल्या आणि बाईंना सांगितलं, पेनड्राइव्हही रिकामा करून टाका. बाई हो म्हणाल्या. पण त्यांनी मला रिकामं केलं नाही. नाडी गुंडाळली आणि मला टेबलाच्या खालच्या खणात टाकलं. मला वाटलं, बघा, पुसण्याइतकीसुद्धा आपली किंमत राहिली नाही.

खणात माझ्या सोबतीला मोडका स्टेपलर, रबरांची गुंतवळ आणि आकडे पुसले गेलेला मापाचा टेप होता. टेप मला म्हणाला, नव्याचे नऊ दिवस, जरा धीर धर. मी नऊ दिवस मोजले. मग नव्वद मोजले. त्याची नवलाई काही ओसरेना. साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवत, इथं लिहिलं की तिथं दिसतं. सात वर्षं मी तेच करत होतो, फक्त पायी! मला कधी कुणी पाहुण्यांना दाखवलं नाही. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय. बरं, भांडावं तर त्याला ना अंग, ना रंग, ना गळ्यात घालायला नाडी. नुसतं नाव 'सगळ्यांचं', आणि सगळे त्याचेच. मी त्याला पाण्यात पाहू लागलो. रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू झाल्याचा आवाज आला की मी मनात म्हणायचो, आज तरी याचं वाटोळं होऊ दे.

एक गोष्ट मात्र मला बरी वाटायची. आप्पा एकदा पुढं येऊन म्हणाले की बाई, हल्ली तुम्ही फिरकतच नाही, माप येतं पण माणूस येत नाही. बाई नुसत्या हसल्या. मी खणात टुणकन उडी मारायचाच बाकी होतो.

पाच महिन्यांनी माझी हाय लागली म्हणा, किंवा योगायोग म्हणा. एका मंगळवारी दुपारी बाईंचा कॉम्प्युटर रडू लागला की पोटात जागा नाही. बाई मोठ्या टापटिपीच्या. त्यांनी पसारा आवरायला घेतला. 'सगळ्यांचं' उघडलं, तर आत 'जुनी मापं' म्हणून भलामोठा गठ्ठा. बाईंनी विचार केला, हे लंबूकडे आहे, आप्पांकडे आहे, माझ्याकडचं कशाला अडवून ठेवायचं? माझ्या राज्यात हा हिशेब अगदी बरोबर होता. तिघांकडे तीन प्रती, एक पुसली तरी दोन उरायच्या. कॉम्प्युटरनं विचारलं, कायमचं पुसू का? बाईंनी हो म्हटलं.

थोड्या वेळानं मधल्या खोलीतून लंबूनं हाक मारून विचारलं की जुनी मापं कुठं गेली. मागून आप्पाही म्हणाले, माझ्याकडची पण दिसत नाहीत. बाईंना गंमत वाटली. त्या म्हणाल्या की मी माझ्याकडची पुसली, तुमची तुमच्याकडे बघा की. मग लंबू त्यांच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला की बाई, तिन्हीकडची एकदमच गेली, कुठंच काही उरलं नाही.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. बरी खोड मोडली, असं मी मोठ्यानं म्हणालो. टेपनं तोंड फिरवलं, पण मी माझ्याच गुर्मीत होतो. त्या फोल्डरची फजिती झाली यापलीकडं मला काही दिसतच नव्हतं.

मग फोनवरचं बोलणं माझ्या कानावर आलं. त्या मुलीचे वडील बोलत होते. ती आता सात वर्षांची झाली होती. मोठ्या इस्पितळातले नवे डॉक्टर गुरुवारी तिच्या पायाचा निर्णय घेणार होते. त्यांना तिसऱ्या वर्षापासूनची सगळी मापं हवी होती. उजवा पाय आपला आपण वाढत असेल तर बूट पुरेत. वाढत नसेल तर पायावर शस्त्रक्रिया. आणि मापं नसतील तर डॉक्टर धोका पत्करणार नव्हते, ते शस्त्रक्रियाच करणार होते. वडील म्हणाले की बाई, तुमच्याकडे सगळं लिहिलेलं असतं म्हणून आम्ही घरी काही ठेवलंच नाही. बाई एवढंच म्हणाल्या की बघते.

कागद तर नव्हतेच. मापाचा कागद टाइप झाला की रद्दीत जाई, आणि पायाची बाह्यरेषा काढलेला पुठ्ठा आप्पा तळव्यासाठी कापून टाकत. वायरवाला धावत आला. बुधवारी दुपारपर्यंत तो लंबूच्या कॉम्प्युटरमध्ये खणत बसला. पण पुसलेल्या जागेवर लंबूचे नवे आराखडे जाऊन बसले होते. जे मिळालं ते अर्धंमुर्धं, चिंध्या झालेलं. त्या मुलीचं एकही माप मिळालं नाही.

बाईंनी एक कोरा कागद घेतला आणि राजीनामा लिहिला. तो टाइप केला नाही, हातानं लिहिला. मग आपल्या वस्तू गोळा करायला त्यांनी खालचा खण ओढला. रबरं बाजूला केली, आणि त्यांचं बोट माझ्या नाडीत अडकलं.

त्यांनी मला रबरांतून सोडवून बाहेर काढलं. मग मला मुठीत धरून उठल्या. ती बावीस पावलं त्या इतक्या भराभर कधी चालल्या नव्हत्या.

लंबूनं मला कॉम्प्युटरला लावलं. आणि मी काय केलं असेल? मी रुसलो! पाच महिने रबरांत कुजवलंत, त्या बिनचेहऱ्याच्या फोल्डरचे गोडवे गायलात, आणि आता अडलं तेव्हा माझी आठवण झाली? घ्या, करा आता विनवण्या. माझी मान वाकडी होती हे खरंच, पण त्या क्षणी चालायचं माझ्या मनातही नव्हतं. मी दिवा लावला नाही.

तेव्हा पडद्यावर एक प्रश्न उमटला. ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? फॉरमॅट म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. होतं नव्हतं ते सगळं धुऊन टाकायचं. लंबू घाईत होता, रात्रभर झोपला नव्हता. त्याचा हात 'हो'कडे निघाला. माझा सगळा रुसवा पळाला. मला ओरडायचं होतं, पण आम्हाला तोंड असतं ते फक्त खोचायला.

बाईंनी त्याचं मनगट धरलं.

"नको," त्या म्हणाल्या. "त्याला असं नाही चालत. आप्पांच्या स्टुलाखाली चेपला होता तेव्हापासून त्याची मान वाकडी आहे. डावीकडून अंगठ्यानं दाबून धरावं लागतं."

त्यांनी मला काढलं, पदरानं तोंड पुसलं, पुन्हा लावलं आणि डावीकडून अंगठा टेकवला. तो अंगठा मी ओळखत होतो. माझा दिवा लागला.

लंबूनं यादी उघडली. सात वर्षांचे पाय ओळीनं उभे होते. त्यात त्या मुलीचीही मापं होती, मी खणात गेल्यानंतर घेतलेलं एक सोडून सगळी.

"हा तर मी तुम्हाला पुसायला सांगितला होता," लंबू म्हणाला.

"पुसवला नाही मला," बाई म्हणाल्या. "सात वर्षं गळ्यात होता."

मित्रांनो, पाच महिने मी काय समजत होतो आणि खरं काय होतं! जळक्या माणसाचे कान नेहमी अर्धंच ऐकतात. पेनड्राइव्हचंही तसंच असतं.

मग माझ्या पोटातलं सगळं त्या फोल्डरमध्ये उतरवायला चाळीस मिनिटं लागली. चाळीस मिनिटं बाई अंगठा दाबून उभ्या होत्या. लंबूनं खुर्ची सरकवली तरी बसल्या नाहीत, अंगठा हलेल म्हणून. नख पांढरं पडलं होतं. माझी सात वर्षांची कमाई मी माझ्या हातानं माझ्या वैऱ्याच्या ओटीत घालत होतो. मला हेवा वाटला का? वाटला, थोडा. पण त्या मुलीचं पान जाताना मी जरासुद्धा अडखळलो नाही.

संध्याकाळी साहेब खाली आले. राजीनाम्याचा कागद टेबलावरच होता. साहेब तो वाचत असतानाच लंबू म्हणाला, "साहेब, चूक माझी आहे. फोल्डर एकच आहे आणि आपल्याकडे नुसती त्याची तीन दारं आहेत, हे बाईंना कुणी सांगितलंच नाही. आणि दर शनिवारी वेगळी प्रत काढायची होती, ती मी एकदाही काढली नाही." साहेबांनी कागदाची घडी घातली, बाईंच्या हातात परत दिली आणि आधी त्या मुलीला बोलावून घ्या म्हणाले, राहिलेलं माप आजच घ्या.

मुलगी आली. मधलं एक माप गेलं ते गेलंच, पण आजचं मिळालं. गुरुवारी डॉक्टरांनी सगळे आकडे ओळीनं पाहिले. उजवा पाय सावकाश, पण आपला आपण वाढत होता. आणखी वर्षभर तरी बूटच चालू ठेवा, असं त्यांनी सांगितलं. शुक्रवारी ती व्हरांड्यात धावली. धावता धावता बाईंपाशी थांबून तिनं विचारलं की लाल किडा कुठाय. बाईंनी मला खणातून काढून तिला दाखवलं.

आता तुम्हाला वाटेल, माझे दिवस पालटले, मी पुन्हा गळ्यात गेलो. छे! साहेबांनी प्रती ठेवायला एक नवी, काळी, चकचकीत डिस्क आणली. तिच्या पोटात माझ्यासारखे पाचशे मावतील. दर शनिवारी तिच्यात प्रत निघते आणि ती कपाटात बंद होते. पुन्हा मी आपला जळतोय! पण बाईंनी त्या कपाटाची किल्ली माझ्या नाडीत ओवली आहे, आणि ती नाडी त्यांच्या गळ्यात असते. शनिवारी त्या काळ्या महाराणीला बाहेर यायचं असलं की आधी मला हलवावं लागतं. आणि एक सांगायचं राहिलं, बाई हल्ली रोज एकदा मागं आप्पांकडे जाऊन येतात, काम असो वा नसो.

तर मित्रांनो, या जळक्या म्हाताऱ्याचं एवढं ऐका. काही पुसण्याआधी विचारा, हे आणखी कुठं आहे का. नुसतं समजून चालू नका, उठा, चार पावलं चाला आणि विचारा. ज्याला सांगायचं राहिलं असेल त्याला हाक मारून सांगा. आणि जुनी वस्तू चालेना म्हणून लगेच टाकू नका. कदाचित ती मोडलेली नसेल. तिला कुठून धरायचं ते ज्याला ठाऊक आहे, त्याला आधी बोलवा.